दुसरी रेघ

तेजलच्या डोहाळजेवणाला मोजकीच माणसं बोलावली होती. वाघूळतापाच्या साथीचं ते तिसरं वर्ष होतं. जास्त माणसं जमवायला परवानगी नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या अंगात तेवढा उत्साहही उरला नव्हता. सांगलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दाराशी डॉ. वैजयंती इंगवलेनं स्टूल टाकून त्यावर तपासणीच्या पट्ट्यांचा डबा ठेवला होता. येणारा प्रत्येक जण चपला काढायचा, बोटाला सुई टोचून घ्यायचा, रक्ताचा थेंब पट्टीवर टेकवायचा आणि थोडा वेळ जिन्यातच थांबायचा. एक रेघ उमटली की आत. एक रेघ म्हणजे पट्टी नीट चालतेय, दोन रेघा म्हणजे अंगात विषाणू आहे, हे आता बालवाडीतल्या पोरांनाही सांगावं लागत नव्हतं.

सगळ्यांचं झाल्यावर तेजलनं हसत बोट पुढे केलं. अंगावर हिरवी साडी, हातात, गळ्यात फुलांचे दागिने. "आज तरी मला सूट द्यायची होती, आई."

"सूट कुणालाच नाही गं," वैजयंती म्हणाली आणि सुनेच्या बोटाला तिनं अलगद सुई टोचली.

पहिली रेघ उमटली. मग तिच्याशेजारी दुसरी. पुसट नव्हे, चांगली गडद.

वैजयंतीनं दुसरी पट्टी काढली. तीही तशीच. आत कुणीतरी गाणं म्हणत होतं, ते थांबलं. तेजलची आई विट्याहून आली होती, ती पुढे झाली. "अहो, काहीतरी चुकलं असेल. पोरीला साधी सर्दीसुद्धा नाही."

"ही पट्टी चुकत नाही, विहीणबाई."

शार्दूलनं आईला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तेहतीस वर्षांचा तिचा एकुलता मुलगा, पण त्या क्षणी त्याचा आवाज शाळकरी पोरासारखा झाला होता. "आई, आपण तिला घरातच वेगळ्या खोलीत ठेवू. मी कुणाला आत जाऊ देणार नाही. बाहेर कोण सांगणार आहे?"

"बाहेर एवढी माणसं उभी आहेत, शार्दूल."

"ती सगळी आपलीच आहेत."

"आपलीच आहेत म्हणून तर. उद्या ती घरी जातील. त्यांच्या घरातही पोरंबाळं आहेत." तिनं फोन उचलला. "मीच कळवलं नाही, तर दुसऱ्या कुणी का कळवावं?"

गाडी आली तेव्हा तेजलनं फुलांचे दागिने एकेक करून काढले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले. जाताना ती सासूच्या पाया पडली नाही. वैजयंतीच्या ते लक्षात आलं. पण त्या वेळी मनाला लावून घ्यायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

पट्टी चुकत नाही, हे तिनं कुणाचं ऐकून म्हटलेलं नव्हतं. पट्टीतलं प्रतिपिंड तिनंच घडवलं होतं.

विषाणू म्हणजे चरबीच्या पातळ पिशवीत बांधलेला जनुकांचा बारीकसा ऐवज. आपल्या पेशीभोवतीही तशीच पिशवी असते, तिला पटल म्हणतात. विषाणूला पेशीत शिरायचं तर दोन्ही पटलं एकमेकांना नुसती चिकटून भागत नाही, ती मिसळून एक व्हावी लागतात. ते काम विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन करतं. दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखं ते बसलेलं असतं. पेशी सापडली की झटकन उलगडतं, समोरच्या पटलात टोक रुतवतं आणि पुन्हा मिटताना दोन्ही पटलं खेचून एकत्र आणतं. प्रयोगशाळेत त्याला सांधप्रथिन म्हणत. सह्याद्रीतल्या वटवाघळांकडून आलेला हा विषाणू एकदा आत शिरला की पेशीकडूनही तेच प्रथिन बनवून घ्यायचा. मग ती पेशी शेजारच्या पेशींना सांधत सुटायची, फुप्फुसात आणि मेंदूत पेशींचे गोळे व्हायचे, आणि ताप आलेल्यांपैकी तिसरा हिस्सा माणसं दगावायची.

त्यातही वाईट म्हणजे ताप उतरला तरी विषाणू नसांमध्ये दडून बसायचा. रक्तात त्याची जनुकं मिळत नसत. मिळायचे ते सांधप्रथिनाचे तुटके तुकडे. ते ओळखायला प्रतिपिंड लागतं. प्रतिपिंड हा शरीरानं घडवलेला असा रेणू असतो, की तो विशिष्ट आकार सापडला तरच त्याला बिलगतो, बाकी कशालाही नाही. वैजयंतीनं उंदरांना ते प्रथिन टोचलं, त्यांच्या प्लीहेतल्या हजारो पेशी वेगळ्या करून वाढवल्या, प्रत्येकीचं प्रतिपिंड तपासलं आणि त्यातून एक पेशी निवडली. तिची पिलावळ आता टाक्यांमधून वाढत होती, आणि राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या, कचेरीच्या, बसस्टँडच्या फाटकावर तिचं प्रतिपिंड रेघ उमटवत होतं. त्या रेघेनं साथ आवरली होती. ज्या गावांत रोज प्रेतं निघत, तिथे आता आठवडा आठवडा कुणी आजारी पडत नव्हतं.

एक गोष्ट मात्र गेल्या वर्षी पुढे आली होती. सहा महिने उलटलेल्या गर्भवतींमध्ये दुसरी रेघ सर्रास दिसू लागली. ताप नाही, खोकला नाही, जनुकं नाहीत, पण रेघ गडद. बाळंतपण झालं की आठवड्याभरात रेघ गायब. तज्ज्ञांनी त्याचा अर्थ लावला: गरोदरपणात प्रतिकारशक्ती मवाळ होते, दडलेला विषाणू डोकं वर काढतो, या बायका मूक वाहक आहेत. नियम निघाला, अशा बायकांना बाळंतपण होईपर्यंत वेगळं ठेवायचं. वैजयंतीनंही तो अर्थ मानला होता. पटण्यासारखा होता. शिवाय पडताळून पाहायला वेळ कुणाकडे होता?

तेजलला गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात ठेवलं होतं. रोज दुपारी ती फोन करायची. शार्दूलशी बराच वेळ बोलायची. सासूशी बोलणं मात्र कामापुरतं.

"कशी आहेस?"

"बरी आहे. इथे सगळ्याच बऱ्या आहेत, आई. तेच तर विचित्र आहे." तेजल कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, बोलताना सवयीनं मुद्देसूद बोलायची. "एवढ्या बायका एका इमारतीत आहेत आणि एकीलाही ताप नाही. माझ्या खोलीत मिरजेची फरझाना आहे, शिकलगार. ती तर दिवसभर जिन्यानं वरखाली करते, डॉक्टर ओरडतात तिला. साथीचा रोग असा असतो का?"

"मूक वाहकांना लक्षणं नसतात."

"मग बाळ झाल्यावर पाच-सहा दिवसांत सगळ्यांचाच विषाणू कसा काय जातो? एखादीचा तरी राहायला नको का?"

"बघते," ती म्हणाली. गेल्या तीन वर्षांत हा शब्द तिनं इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवला होता, की त्यात काही अर्थच उरला नव्हता. पण या वेळी फोन ठेवल्यावर ती खुर्चीतच बसून राहिली. बाळ झालं की जातो. बाळाबरोबर आणखी काय जातं?

वार जाते, बाळाला पोटात पोसणारी.

दुसऱ्या दिवशी ती एका जुन्या मैत्रिणीकडे गेली. ही मैत्रीण विकृतिशास्त्राची प्राध्यापक होती, तिच्या विभागात जुन्या शस्त्रक्रियांचे आणि बाळंतपणांचे नमुने मेणाच्या वड्यांमध्ये जपून ठेवलेले होते. वैजयंतीनं वारेचे नमुने मागितले, पण अट घातली: वाघूळतापाच्या आधीचे. जितके जुने असतील तितके बरे. मैत्रिणीनं वीस वर्षांपूर्वीच्या वड्या काढून दिल्या. त्या बायका बाळंत झाल्या तेव्हा हा विषाणू माणसांत आलाच नव्हता.

आपल्या प्रयोगशाळेत वैजयंतीनं त्या वड्यांचे पातळ काप केले, त्यांवर आपलं प्रतिपिंड सोडलं, धुतलं, चमकणारा रंग लावला आणि काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. विषाणूच नव्हता, तेव्हा सगळा काप काळा दिसायला हवा होता.

वारेच्या फांद्याफांद्यांची कड हिरवीगार उजळली होती. एकही पेशी सुटलेली नव्हती.

तिनं दुसरा काप घेतला, तिसरा घेतला, मग वेगळ्या बाईचा. सगळीकडे तीच हिरवी कड. ती उठली नाही, कुणाला हाक मारली नाही. तिनं चष्मा काढून डोळे चोळले आणि काय झालं असणार ते तिला पायरीपायरीनं दिसू लागलं. दिसायला काही कठीण नव्हतं. पुस्तकात वाचलेलंच होतं सारं.

कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना, झाडांवर राहणाऱ्या माकडासारख्या कुठल्यातरी प्राण्यांना, एका विषाणूची बाधा झाली होती. त्या विषाणूची जनुकं त्यांच्या जनुकांत मिसळली ती कायमची, पिढ्यान् पिढ्या उतरत आपल्यापर्यंत आली. बाकीची निकामी झाली, पण त्याच्या सांधप्रथिनाचं जनुक शाबूत राहिलं, कारण शरीराला त्याचा उपयोग सापडला. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळू नये, पण अन्न आणि प्राणवायू इकडून तिकडे जावा, म्हणून वारेवर एक अखंड, बिनसांध्याचा थर लागतो. तो तयार होतो वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून. त्यांना मिसळवतं तेच जुन्या विषाणूचं प्रथिन. ते नसतं तर माणसाचं एकही मूल पोटात वाढलं नसतं. दिवस भरत येतात तशी वार मोठी होते आणि तिचे कण आईच्या रक्तात उतरतात.

दोन्ही सांधप्रथिनं काही एकसारखी नव्हती. पण स्प्रिंग मिटते तिथला एक कोपरा दोघांचाही सारख्या घडीचा होता, आणि वैजयंतीचं प्रतिपिंड नेमकं त्या कोपऱ्याला बिलगत होतं. ते पट्टीत घालण्याआधी तिनं हजारो लोकांच्या रक्तावर तपासलं होतं. फक्त गर्भवतींना वगळलं होतं. त्यांना उगाच त्रास नको, असा नियमच होता.

म्हणजे रेघ खोटी नव्हती. रेघेचा अर्थ खोटा होता. वसतिगृहातल्या बायकांच्या अंगात विषाणू नव्हता, वार होती.

वैजयंतीच्या संस्थेचे संचालक डॉ. मुकुंद देवस्थळींनी सगळे काप स्वतः पाहिले. साठी उलटलेला, साथीत स्वतःचा भाऊ गमावलेला माणूस. त्यांनी शंका काढली नाही, आवाजही चढवला नाही.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "आता मी सांगतो ते ऐका. लोक कंटाळलेत, वैजयंतीबाई. बोटं टोचून टोचून वैतागलेत. पट्टी चुकते एवढं वाक्य बाहेर गेलं की पुढचं 'फक्त गर्भवतींमध्ये' कुणी ऐकणार नाही. उद्या फाटकांवर पट्ट्या फेकून देतील. पावसाळ्यानंतर साथ परत उसळली तर?"

"मग काय करायचं?"

"नवा क्लोन शोधा, दुसऱ्या पेशीचं प्रतिपिंड, जे वारेला हात लावणार नाही. ते हातात आलं की जुनी पट्टी गुपचूप बदलू. तोवर त्या बायका तिथे राहिल्या तर असं काय बिघडतं? खायला मिळतंय, डॉक्टर आहेत."

"त्यांच्यात खऱ्या आजारी बायकाही आणून ठेवतात, सर. आपणच ठरवलं ना, सगळ्या एकाच रोगाच्या म्हणून? माझ्या सुनेच्या खोलीतल्या मुलीला परवापासून खरा ताप आहे. निरोगी मुलगी होती ती."

देवस्थळींनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक आठवडा द्या मला. मंत्रालयात बोलतो. काहीतरी वाट काढतो."

तिनं वाद घालायला हवा होता. पण गेली तीन वर्षं ती वादच घालत आली होती: पट्टीच्या किमतीवरून, टाक्यांवरून, माणसांवरून. आणि देवस्थळींची भीती खोटी नव्हती. ती "बरं" म्हणाली. घरी जाऊन शार्दूलला एवढंच सांगितलं की तेजलला काही झालेलं नाही, लवकरच सुटेल. त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दोन दिवसांनी तेजलचा फोन आला, तो नेमका सासूलाच. डोहाळजेवणानंतर पहिल्यांदा तिच्या आवाजात आनंद होता.

"आई, माझी रेघ पुसट झालीय! कालच्यापेक्षा आज जास्तच पुसट. उद्या गेली की घरी सोडणार म्हणाले. फरझानाला दुसरीकडे हलवलं, तिचं मात्र काही कळत नाही. मला जरा डोकं दुखतंय, पण ते उन्हानं असेल."

तिथल्या प्रत्येक बाईसाठी, प्रत्येक डॉक्टरसाठी पुसट रेघ ही सुटकेची खूण होती. ती रेघ कशाची आहे, हे फक्त तिला आणि देवस्थळींना माहीत होतं. सातवा महिना संपताना रेघ गडद व्हायला हवी होती. ती पुसट होत होती म्हणजे वारेचा तो अखंड थर बनायचा थांबला होता. वार निकामी होत चालली होती.

"तेजल, तू आडवी हो. डाव्या कुशीवर. फोन डॉक्टरांना दे."

वसतिगृहाच्या डॉक्टर प्रणोती ढवळीकर तरुण होत्या, उत्साही होत्या. "अभिनंदन, मॅडम! तुमच्या सुनेची रेघ—"

"तिचं ब्लडप्रेशर किती आहे?"

"सकाळी थोडं जास्त होतं. पायाला सूज पण आहे. आम्ही लक्ष ठेवून आहोत."

"लक्ष ठेवू नका, तिला हलवा. ती रेघ विषाणूची नाही, वारेची आहे. वार बंद पडतेय."

"मॅडम, हे कुठे छापून आलंय का?"

"कुठेच नाही. गेल्या आठवड्यापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं."

"मग मी कशाच्या आधारावर तिला बाहेर काढू? दोन रेघांची बाई मी हॉस्पिटलला पाठवली तर उद्या माझी नोकरी—"

"सोनोग्राफीचं मशीन आहे ना तुमच्याकडे? नाळेतला रक्तप्रवाह बघा. तो नीट असेल तर माझ्या नावानं तक्रार करा, मी हात जोडून कबूल करीन. पण आत्ता बघा. मी फोन धरून थांबते."

ती थांबली. पलीकडून खुर्ची सरकल्याचा, पडदा ओढल्याचा, तेजल काहीतरी विचारत असल्याचा आवाज आला. आणि मग डॉ. ढवळीकर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"प्रवाह उलटा फिरतोय मधून मधून. मी अँब्युलन्स बोलावली." त्या जरा घुटमळल्या. "मॅडम, मग बाकीच्या सगळ्या? त्या इथे कशासाठी आहेत?"

देवस्थळींना दिलेला आठवडा अजून संपायचा होता.

"कशासाठीच नाही," वैजयंती म्हणाली. "त्यांच्यातल्या ज्यांना ताप नाही त्यांना काही झालेलं नाही. हे मी तुम्हाला लेखी देते. तुम्हाला एकटीलाच नाही, सगळ्यांना देते."

हॉस्पिटलमध्ये तेजलचं सिझेरियन चाललं होतं. बाहेरच्या बाकावर बसून वैजयंतीनं वारेच्या कापांची छायाचित्रं आणि साध्या मराठीत लिहिलेलं एक पान सगळ्या जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, वर्तमानपत्रांना आणि देवस्थळींना एकाच वेळी पाठवलं. शार्दूल समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. मुलगी झाली. मुठीत मावेल असं डोकं, रडण्याइतकंही बळ नाही, पण जिवंत. तेजलही वाचली. शार्दूल तेव्हा आईजवळ येऊन बसला.

पुढचे महिने देवस्थळी म्हणाले होते तसेच गेले. काही ठिकाणी लोकांनी पट्ट्यांची होळी केली. कोकणातल्या एका तालुक्यात फाटकावरची तपासणीच बंद पडली, तिथे ताप पुन्हा आला आणि माणसं गेली. टीव्हीवर कुणी वैजयंतीला देवी म्हणालं, कुणी खुनी. वसतिगृहं रिकामी झाली, पोट सांभाळत बायका घरोघर परतल्या. केंद्र सरकारनं चौकशी बसवली आणि ती संपेपर्यंत वैजयंतीला पट्टीच्या कामातून बाजूला केलं. देवस्थळींनी तिला स्वतःच्या खोलीत बोलावून ते सांगितलं आणि चहा मागवला. दोघांनी तो घेतला. कोण बरोबर होतं हे विचारायचं त्राण दोघांतही नव्हतं.

तेजल हॉस्पिटलातून थेट माहेरी, विट्याला गेली. शार्दूल दर शनिवारी जायचा आणि परत आला की बाळाचं वजन सांगायचा. वैजयंतीला ये म्हणून कुणी म्हटलं नाही.

मग हैदराबादच्या एका प्रसूतितज्ज्ञांचा फोन आला. त्यांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचून नेमकी गोष्ट हेरली होती. जी पट्टी विषाणूसाठी चुकते, ती वारेसाठी बिनचूक आहे. गावच्या आरोग्यसेविकेनं दर आठवड्याला एक थेंब घेतला आणि रेघ पुसट दिसली, तर किती तरी बायका आणि मुलं वेळेत वाचतील. त्यासाठी हळूहळू उतरत गेलेल्या रेघेचं, रोज घेतलेलं रक्त हवं होतं. वसतिगृहात रोजचे नमुने गोठवून ठेवत असत. सगळ्या राज्यात तसे रोजचे सलग नमुने एकाच बाईचे मिळाले होते. तेजलचे.

वैजयंती विट्याला गेली. विहीणबाईंनी पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. तेजल झोपाळ्यावर बसली होती, मांडीवर पोर झोपलेली. वैजयंतीनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "रक्त तुझं आहे. तू नाही म्हणालीस तर विषय संपला."

तेजलनं बराच वेळ झोपाळा हलवला. "डोहाळजेवणाच्या दिवशी फोन करताना तुम्हाला पूर्ण खात्री होती ना, आई?"

"होती."

"तेच मला पचवता येत नाही. थोडी जरी शंका असती ना, तरी मी समजून घेतलं असतं. तुम्ही एकदासुद्धा थांबला नाहीत."

"नाही थांबले."

"आणि कळल्यावर मात्र थांबलात. आठवडाभर थांबणार होतात. तुम्ही शार्दूलला सांगितलंत, त्यानं मला." तिनं पोरीचं टोपडं सारखं केलं. "माझी रेघ पुसट झाली नसती तर?"

वैजयंतीनं मान खाली घातली. खोटं सांगण्याचा विचारही तिच्या मनात आला नाही. "मग आठवडाभर थांबले असते."

अंगणात कुणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज थांबेपर्यंत तेजल पोरीला थोपटत राहिली.

"फरझाना गेली," तेजल म्हणाली. "माहीत आहे ना तुम्हाला? मुलगा वाचला. मी तिच्या नवऱ्याला फोन केला होता. गल्लीत कुणी त्यांच्या दारात उभं राहत नाही. तापाचं घर म्हणतात. तिची सासू म्हणते, सुनेनंच रोग आणला घरात, पोर पण त्याच रक्ताची. नातवाला हातात घेत नाही ती." तिनं पोरीला छातीशी घेतलं. "रक्त वापरा माझं. पण आधी तिच्या घरी जाऊन सांगा, की तिला काही झालेलं नव्हतं. पत्र नको, फोन नको. तुम्ही स्वतः जा."

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत फरझानाच्या नवऱ्याचं, मुनीर शिकलगारचं दुकान होतं. मागे घर, पुढे कारखाना. दारात वाळवलेले मोठाले भोपळे एकावर एक रचलेले होते. दुपारची वेळ. मुनीर एकटाच बसून सतारीच्या दांडीवर पॉलिश लावत होता. शेजारच्या दुकानांत माणसं होती, याच्याकडे मात्र कुणी नव्हतं. ओळीतल्या दोन दुकानांनी मधल्या बाजूला ताडपत्री ओढून घेतली होती.

वैजयंतीनं नाव सांगितलं. मुनीरनं हात पुसले आणि तिला बसायला स्टूल दिलं. टीव्हीवर पाहिली असावी, कारण तो म्हणाला, "पट्टीवाल्या मॅडम ना?"

"हो. ती पट्टी मी बनवली. तुमच्या फरझानाच्या पट्टीवर जी दुसरी रेघ आली, ती तापाची नव्हती. पोटात बाळ होतं, त्याच्या वारेची होती. ती तिथे गेली तेव्हा तिच्या अंगात काही रोग नव्हता. रोग तिला आम्ही ठेवलं तिथे लागला."

मुनीर तिच्याकडे पाहत राहिला. "म्हणजे इथून गेली तेव्हा चांगली होती?"

"अगदी चांगली होती."

"इथून काही नेलं नव्हतं तिनं? घरात काही नव्हतं?"

"काहीच नव्हतं. तुमच्या घरात नाही, तिच्यात नाही, बाळात नाही. चूक माझी होती."

ती शिव्यांची वाट पाहत होती. ते सोपं गेलं असतं. मुनीरनं हातातलं फडकं खाली ठेवलं, उठून घरात जायच्या दाराशी गेला आणि हाक मारली, "अम्मी, बाहेर या. या बाई काय सांगतात ते ऐका."

एक म्हातारी पदर सावरत उंबऱ्यात आली. आत कुठेतरी बाळ रडायला लागलं होतं. मुनीर रस्त्याच्या बाजूला गेला आणि शेजारच्या दुकानाची ताडपत्री त्यानं हातानं बाजूला सारली. पलीकडचा माणूस दचकून उभा राहिला. समोरच्या ओट्यावरच्या दोन बायका वळून पाहू लागल्या.

मुनीर परत येऊन वैजयंतीसमोर उभा राहिला. "परत सांगा," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. वाक्यं तीच होती, पण म्हातारीकडे पाहून बोलताना ती जास्त जड गेली.

"ऐकू गेलं नसेल त्यांना," मुनीर ताडपत्रीकडे बोट दाखवून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "इतके दिवस सगळ्या गल्लीनं ऐकलंय, मॅडम, फरझानानं ताप आणला म्हणून. आता हे पण सगळ्यांनी ऐकलं पाहिजे. जरा मोठ्यानं सांगा."

वैजयंती स्टुलावरून उठली. ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि गल्लीत जमू लागलेल्या माणसांना, पहिल्यापासून, मोठ्यानं सांगू लागली.